घारींच्या गावी सहकुटुंब

लखनौला निघालेल्या मराठी कुटुंबाची यादी बहुधा ठरलेली असते. बडा इमामबाडा, त्यातली भुलभुलैया, रूमी दरवाजा, अमीनाबादचे कबाब, चौकातली चिकनकारी. घरात गाणं असेल तर कैसरबागेत जाऊन विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये सुरू झालेली संगीत संस्था बाहेरून का होईना बघायची. शिकारी पक्षी या यादीत नसतात. ते असायला हवेत आणि कबाबांच्या आधी असायला हवेत, हे प्रस्तुत लेखकाचं जुनं मत. घरच्यांना या मताचा बराच त्रास झालेला आहे.

‘शिकारी पक्ष्यांचं अभयारण्य’ अशी पाटी लखनौत कुठेही लावलेली नाही. तशी पाटी हवी असेल तर कर्नाटकात रामनगरला जावं लागतं. ‘शोले’तलं रामगढ ज्या खडकाळ टेकड्यांमध्ये उभारलं होतं, तिथलाच रामदेवर बेट्टा हा डोंगर २०१२ मध्ये गिधाडांसाठी राखीव झाला. पाटी नसली म्हणून काय झालं! मुंबईहून पुष्पक एक्सप्रेसने निघावं (या प्रवासाला याहून शोभेसं गाडीचं नाव सापडायचं नाही), चारबाग स्थानकाबाहेर यावं आणि मान वर करावी. चार-दोन घारी घिरट्या घालत असतातच.

पण मुलं बरोबर असली की सुरुवात प्राणिसंग्रहालयापासून केलेली बरी. तिथे १९६९ पासून धावणारी छोटी रेल्वे आहे आणि आवारातल्या राज्य संग्रहालयात इजिप्तची एक ममीसुद्धा आहे, त्यामुळे पक्ष्यांचा कंटाळा आलेल्यांची सोय होते. तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या भारतभेटीच्या निमित्ताने २९ नोव्हेंबर १९२१ रोजी बनारसी बागेत सुरू झालेलं हे उद्यान आता नवाब वाजिद अली शाह यांच्या नावाने ओळखलं जातं. नाव अगदी योग्य माणसाचं दिलं आहे. राज्य गेल्यावर कलकत्त्याच्या मटियाबुर्जमध्ये राहणाऱ्या या नवाबाने रेशमी पंखांच्या कबुतरांच्या एका जोडीला २४ हजार आणि पांढऱ्या मोरांच्या जोडीला ११ हजार रुपये मोजले, असं जुन्या लखनौचे चरित्रकार अब्दुल हलीम शरर यांनी नोंदवून ठेवलं आहे. इंग्रजांनी दिलेल्या तनख्यातला केवढा वाटा पिसांवर गेला असेल!

इथे मुलांना एक जुना खेळ शिकवावा. मोगल काळापासून बाजदारी करणारे मीर शिकार सगळ्या शिकारी पक्ष्यांची डोळ्यांवरून दोन गटांत वाटणी करत. फिकट, पिवळ्या-लालसर डोळ्यांचे ते ‘गुलाब-चश्म’. बाज आणि शिक्रा यांतले. पंख आखूड, शेपटी लांब, झाडाझुडपांतून अचानक झडप घालणारे. काळ्याभोर डोळ्यांचे ते ‘स्याह-चश्म’, म्हणजे बहिरी ससाणा, लग्गड वगैरे मंडळी. पंख लांब आणि टोकदार, उघड्या आभाळात पाठलाग करणारे. बहिरी ससाणा सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. पक्षिशास्त्रज्ञांनी हे सगळे एकाच घराण्यात कोंबले होते. २००८ मध्ये जनुकांच्या मोठ्या अभ्यासातून निष्पन्न झालं की ससाणे हे घारी-गरुडांपेक्षा पोपटांचे जवळचे नातेवाईक आहेत. पुस्तकं बदलावी लागली. मीर शिकारांनी मात्र निव्वळ डोळ्यात डोळे घालून ही फारकत शेकडो वर्षांपूर्वीच केली होती.

आता कर्तव्य म्हणून थोडी माहिती. भारतात दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांच्या ७० च्या आसपास जाती आहेत आणि घुबडांच्या तीसेक. त्यांतले बरेच हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. बहुतेकांमध्ये मादी नरापेक्षा मोठी असते. या विषयावरचा मोठा ग्रंथ मुंबईच्या रिशाद नौरोजींनी २००६ मध्ये लिहिला. तो विकत घेण्याआधी घरात कपाट किती भक्कम आहे ते पाहावं. झाली माहिती. आता घारीकडे वळू.

घारीला कुणी भाव देत नाही, हे तिचं दुर्दैव. पक्षिनिरीक्षकांच्या सहलीत कुणी दुर्बीण वर करतो, क्षणभर बघतो, ‘घारच आहे’ म्हणून खाली करतो. त्या ‘च’चा प्रस्तुत लेखकाला मनापासून राग येतो. पंखांचा पसारा दीड मीटरपर्यंत आणि वजन पाऊण किलोच्या आसपास, एवढ्या भांडवलावर हा पक्षी तासन् तास पंख न हलवता हवेत राहतो. ओळख सोपी आहे. शेपटीला मधोमध खाच असते. रूमी दरवाजाच्या माथ्याजवळून जाणारी घार नीट पाहिली तर ती शेपूट होडीच्या सुकाणूसारखी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलताना दिसते, डोकं मात्र जागच्या जागी स्थिर. काही उचललं असेल तर ती खाली बसत नाही. उडता उडता पाय पुढे घेते, मान वाकवते, चोचीने तुकडा तोडते आणि पुढची घिरटी घेते. हे एकदा दिसलं की मुलं दुसरं काही बघायला तयार होत नाहीत.

लेखकाच्या काकूंना हे जरा जास्तच जवळून दिसलं. गोमतीच्या काठी उभ्या राहून त्या खस्ता कचोरी खात होत्या. वाऱ्याचा एक झोत आला आणि पानात फक्त बटाट्याची भाजी उरली. काकूंच्या बोटाला ओरखडासुद्धा नव्हता. “मेली शिकलेली दिसते,” एवढंच त्या म्हणाल्या आणि दुसरी कचोरी भिंतीला पाठ लावून खाल्ली.

शिकलेली खरीच. दिल्लीच्या घारींवर निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम मुळातून वाचण्याजोगं आहे. त्यांच्या मोजणीत दिल्लीत चौरस किलोमीटरमागे सरासरी १५ घरटी निघाली. शिकारी पक्ष्यांची एवढी दाट वस्ती जगात क्वचितच कुठे नोंदलेली असेल. कारण शोधताना ते जुन्या मोहल्ल्यांपर्यंत पोहोचले. तिथे सदका म्हणून, म्हणजे पीडा टळावी या भावनेने, घारींना मांसाचे तुकडे उडवायची पद्धत आहे. कचरा, मांसाची दुकानं, जुनी उंच झाडं आणि देणारे हात, एवढं जमलं की घारीचा संसार थाटतो. लखनौच्या जुन्या भागात यातलं काय कमी आहे?

घारीचं चित्त पिलांपाशी, हे मराठी घरात शाळेत जायच्या आधीच कानावर पडतं. त्याच अभ्यासकांनी हे चित्त चक्क मोजलं. घरट्याजवळ माणूस गेला तर घार कितपत चवताळते, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या. ज्या भागात माणसांकडून भरपूर खाणं मिळतं तिथल्या घारी जास्त धीट आणि जास्त हल्लेखोर निघाल्या. उत्तरेत साधारण जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यांचा विणीचा हंगाम असतो. त्या दिवसांत गच्चीवर घरटं असलेल्या झाडाच्या बाजूने पापड वाळत घालू नयेत, हा सल्ला फुकट.

घरट्याचीही एक गोष्ट आहे. चिंध्या, दोऱ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या असं काय काय घार घरट्यात नेते. गबाळेपणा म्हणून आपण सोडून देतो. स्पेनमधल्या दोन्यानाच्या पाणथळीत संशोधकांनी बारकाईने पाहिलं, तेव्हा भर वयातल्या दणकट जोड्या घरट्यात मुद्दाम पांढरं प्लॅस्टिक जास्त मांडताना आढळल्या. म्हाताऱ्या आणि अगदी तरुण जोड्या कमी मांडत होत्या. ही शेजाऱ्यांना दिलेली तंबी होती. इथे दम असलेलं जोडपं राहतं, नादी लागू नका! मग संशोधकांनी दुबळ्यांच्या घरट्यांत जादाचं पांढरं प्लॅस्टिक ठेवून पाहिलं. त्या जोड्यांनी ते उचलून टाकून दिलं. फुकटची शेखी मिरवली तर मार खावा लागेल, हे त्यांना ठाऊक होतं. ‘सायन्स’मध्ये २०११ साली हा अभ्यास छापून आला. आपल्याकडे काही लग्नांच्या स्वागत समारंभात या प्रबंधाचं जाहीर वाचन व्हायला हरकत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या आदिवासींचं म्हणणं तर आणखी अचाट आहे. तिथल्या घारी वणव्यातली जळती काटकी उचलून दूरच्या कोरड्या गवतात टाकतात आणि पळत सुटलेले उंदीर-टोळ टिपतात, असं ते पिढ्यान् पिढ्या सांगत आले. २०१७ मध्ये अभ्यासकांनी अशा प्रत्यक्षदर्शींच्या हकिकती एकत्र करून प्रसिद्ध केल्या. लखनौच्या घारींनी अजून कुठे आग लावल्याचं ऐकिवात नाही.

आणि लखनौत हिवाळ्यात दिसणारी प्रत्येक घार लखनवी असेलच असं नाही. थंडीत आपल्याकडच्या घारींमध्ये एक पाहुणी उपजात मिसळते, अंगाने जरा थोराड, कानाजवळ गडद पट्टा असलेली. दिल्लीत अशा काही घारींच्या पाठीवर उपग्रह-यंत्रं बसवली गेली, तेव्हा त्या हिमालय आणि काराकोरमची शिखरं ओलांडून कझाकस्तान, रशिया, मंगोलियापर्यंत गेल्याचं कळलं. उकिरड्यावर बसलेल्या पक्ष्याकडे बघून हे कुणाला खरं वाटेल? त्यांच्या शेजारी आपण कानटोपी घालून कुडकुडत उभे असतो.

हिवाळ्यातच कानपूर रस्त्यावर, लखनौपासून सुमारे ४३ किलोमीटरवर उन्नाव जिल्ह्यात नवाबगंजचं पक्षी अभयारण्य गाठावं. कागदोपत्री त्याचं नाव शहीद चंद्रशेखर आझाद पक्षी अभयारण्य आणि ते रामसर यादीत आहे. लोक तिथे बदकं बघायला जातात. खरी मजा बदकं एकदम उठतात तेव्हा असते. शांत तळ्यावर शेकडो पक्षी तरंगत असतात आणि कुठलाही आवाज न होता एका टोकापासून सगळा थवा उधळतो. तिथे दुर्बीण न्यावी. पाणवनस्पतींवरून कमी उंचीवर, पंखांचा इंग्रजी व्ही करून, रेंगाळत येणारा दलदली भोवत्या हमखास सापडतो. दुर्बीण ८×४२ ची पुरते. मुलांना त्याहून जड देऊ नये, हात थरथरतो आणि मग भोवत्या आणि बगळा सारखेच दिसतात. रायबरेलीचं समसपूर आणि हरदोईचं सांडी हीसुद्धा अशीच तळी, पण लहान मुलं असतील तर नवाबगंजच बरं.

पुन्हा शहरात येऊ. चौकातल्या एका गच्चीवर कबुतरं उडवणारे एक चाचा भेटले होते. शिट्टी मारली की त्यांचा थवा वळायचा. त्यांना घारींबद्दल विचारलं तर ते म्हणाले, “चील से क्या डरना साहब, वो तो कूड़ेवाली है. डर शिकरे का है.” मग शिक्र्याने कबूतर कसं उचललं याचं वर्णन त्यांनी असं केलं की शत्रूचं एवढं मनापासून कौतुक दुसऱ्या कुठल्या शहरात ऐकायला मिळणार नाही. लेखकाच्या मुलीने मात्र गच्चीच्या कठड्याला गुंडाळलेला हिरवा दोरा बघितला आणि विचारलं, “हा कशाला?”

तो मांजा होता. लखनौत पतंगांचा मोठा दिवस संक्रांत नव्हे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे पाडवा असतो तेव्हा, लखनौत ‘जमघट’ असतो. अख्खं शहर गच्चीवर चढतं. पेच लावणं ही इथे नवाबी काळापासूनची कला आहे आणि पतंग उडवण्याची चटक कुणालाही लागावी अशीच आहे. पण पतंगाची आणि घारीची उंची एकच. बरेलीचा सुती मांजा काचेच्या पुडीने घोटलेला असतो, तोही कापतो. नायलॉनचा, ज्याला सगळे ‘चायनीज’ म्हणतात, तो तुटतच नाही. घार त्यात पंखाने अडकते, सुटायला धडपडते आणि दोरा स्नायू, मग हाडापर्यंत जातो. शिवाय तो झाडावर महिनोन् महिने लटकत राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये अशा मांज्यावर देशभर बंदी घातली. त्याच वर्षी सप्टेंबरात लखनौची मेट्रो सुरू झाली. तिच्या विजेच्या तारांवर मांजा पडून गाड्या खोळंबण्याचे प्रकार वारंवार झाले आहेत. बंदी कितपत पाळली जाते, ते यावरून समजावं. आपणही नाक वर करायचं कारण नाही. नागपूरला आणि येवल्याला संक्रांतीत काय होतं ते सर्वांना माहीत आहे.

दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोन भाऊ अशाच कापलेल्या घारींवर उपचार करतात. लहानपणी त्यांनी एक जखमी घार पक्ष्यांच्या दवाखान्यात नेली, तेव्हा ती मांसाहारी म्हणून नाकारली गेली. तिथून त्यांचं काम सुरू झालं. शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट त्यांच्यावरच आहे. २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत त्याला पुरस्कार मिळाले आणि पुढे ऑस्करचं नामांकनही. सहकुटुंब लखनौला निघण्याआधी सहकुटुंब हा चित्रपट बघावा.

दिवाळीच्या दिवसांत आणखी एक शिकारी पक्षी संकटात असतो, तो म्हणजे लक्ष्मीचं वाहन. अमावास्येच्या रात्री बळी देण्यासाठी घुबडं पकडली जातात. अब्रार अहमद यांनी वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेसाठी केलेला अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या ३० पैकी १५ जातींची घुबडं व्यापारात सापडल्याचं नोंदवलं आहे. लक्ष्मीला घरी बोलवायचं आणि तिचं वाहन दारात कापायचं, या तर्काला काय म्हणावं? लखनौचा नखास भाग पक्ष्यांच्या बाजारासाठी जुना प्रसिद्ध आहे. तिथे पोपट-मुनियांसाठी छापे पडत आले आहेत. मुलांना तो बाजार ‘गंमत’ म्हणून दाखवायला नेऊ नये आणि दया येऊन पक्षी विकत घेऊन सोडू तर मुळीच नये. सोडलेल्याच्या जागी दुसरा पकडला जातो. त्यापेक्षा संध्याकाळी रेसिडेन्सीच्या पडक्या भिंतींपाशी थांबावं. पिंगळ्यांची जोडी ढोलीतून बाहेर येऊन आपल्याकडे बघत मान खाली-वर करते, तिकीट वसूल होतं.

घुबडांच्या बाबतीत महाराष्ट्राची बाजू जरा उजळ आहे. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशनने, म्हणजे डॉ. सतीश पांडे आणि मंडळींनी, २०१८ मध्ये घुबडांचा महोत्सव भरवला. शाळेची मुलं घुबडाची चित्रं रंगवत होती, कीर्तनातही घुबड आलं. आणि रानपिंगळ्याची कथा तर खानदेशचीच. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज कर्नलने १९१४ मध्ये तो गुजरातेत मिळवल्याचं सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली. खोटी ठिकाणं बाद करून खऱ्या जागा शोधत त्या सहकाऱ्यांसह शहाद्याजवळच्या सातपुड्यात आल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये ११३ वर्षांनी रानपिंगळा समोरच्या फांदीवर बसलेला दिसला.

राहिली गिधाडं. त्यांच्यासाठी लखनौहून दोन दिशा आहेत. पूर्वेला गोरखपूर जिल्ह्यात कॅम्पियरगंजला लाल डोक्याच्या राज गिधाडांचं प्रजनन केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. तिथे सहल नेऊ नये. अशा केंद्रांत पक्ष्यांपासून माणसांना लांब ठेवणं हाच नियम असतो. अशा केंद्रांची वेळ का आली? गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची हजारातली ९९९ संपत आली होती. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, म्हणून या नुकसानाची भरपाई आपल्या नातवंडांच्या काळातही पुरी व्हायची नाही.

दुसरी दिशा झाशीची. लखनौहून रेल्वेने झाशी आणि तिथून जवळच ओरछा. मराठी कुटुंबाने झाशीपर्यंत जायचं आणि किल्ला बघून परतायचं, हे मोठं नुकसान आहे. बेतवाच्या काठी बुंदेला राजांच्या छत्र्या आहेत आणि त्यांच्या शिखरांच्या कोनाड्यांत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. म्हाताऱ्या माणसांना चढायचं नाही, मुलांना गप्प बसवायचं नाही. खाली हिरवळीवर बसावं आणि वर दुर्बीण लावावी. पंख पसरून उन्हात बसलेलं गिधाड दिसलं की आजी आधी नाक मुरडतात आणि दहा मिनिटांनी दुर्बीण परत देत नाहीत. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांच्या विणीचा काळ, म्हणजे घरट्यात हालचाल असते. रायगड जिल्ह्यात चिरगावला प्रेमसागर मेस्त्री आणि सहकाऱ्यांनी गावाच्या मदतीने गिधाडं राखली आहेत, पण ती झाडांवरची. छत्र्यांच्या शिखरांवर राहणारी बघायला ओरछाच गाठावं.

तेव्हा बेत असा आखावा. डिसेंबर-जानेवारीत निघावं, धुक्याने गाड्यांना उशीर होतो हे धरून एक दिवस हाताशी ठेवावा. सोमवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं. नवाबगंजला सकाळी लवकर, रेसिडेन्सीत संध्याकाळी, आणि घारींसाठी वेळ काढायची गरजच नाही.

आणि या संक्रांतीला घरी पतंग असेल तर साधा दोरा वापरा, झाडावर-तारांवर अडकलेला हाताशी येईल तेवढा मांजा गुंडाळून कचऱ्यात टाका. जखमी घार सापडली तर तिच्या अंगावर जाड कापड टाकून पंख मिटलेल्या अवस्थेत उचला. पायांच्या नखांपासून जपा, चोचीपेक्षा तीच धोक्याची. दोरा ओढून काढू नका, कात्रीने दोन्ही बाजूंनी कापा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि महाराष्ट्रात असाल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा.